टॅबवरून कॅमेरा चालवणाऱ्या वायफाय कंट्रोलरबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : कंट्रोलरचे अ‍ॅप इंटरनेटशिवाय न उघडणे व टॅबची स्क्रीन बंद होताच एक्सपोजर (शटर उघडे राहण्याची वेळ) बिघडणे, दुरुस्ती किंवा पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून आमच्या आकाशनिरीक्षण मंडळाने घेतलेला कंट्रोलर रात्रीच्या आकाशाचे फोटो काढण्यासाठी म्हणून विकला जातो. नेमक्या त्याच कामात तो दगा देतो.

मुख्य तक्रार लॉगिनची. कंट्रोलर कॅमेऱ्याच्या यूएसबीला लावला की तो स्वतःचे वायफाय सुरू करतो आणि टॅब त्यालाच जोडावा लागतो. त्या वायफायवर इंटरनेट नसतेच, तरी अ‍ॅप दर वेळी उघडताना परवाना तपासायला इंटरनेट मागते. आधी घरच्या वायफायवर लॉगिन करून मग कंट्रोलरला जोडले तर काम होते, पण मध्येच अ‍ॅप बंद पडले की पहिल्यापासून सुरुवात. 'मोबाइल डेटा चालू ठेवा' हे आपल्या ग्राहक सेवेचे उत्तर तर उलटेच पडते. वायफायवर इंटरनेट नाही असे दिसले की टॅब ते सोडून डेटावर जातो आणि कॅमेऱ्याशी जोडणी तुटते. शिवाय खेड्यात रात्री लाइन गेली की घरचा राउटर बंद, अनेकदा टॉवरची रेंजही जाते. रस्त्यावरचे दिवे विझून परसातून आकाश सगळ्यात चांगले दिसते ते तेव्हाच, आणि तेव्हाच आपले अ‍ॅप उघडत नाही. लॉगिनचे पान पांढरेशुभ्र आहे, डोळे न दिपवणारा लाल मोड त्यानंतर येतो. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात, ती एका झटक्यात वाया जातात.

दुसरी तक्रार एक्सपोजरची. ३० सेकंदांपुढचे एक्सपोजर बल्ब मोडमध्ये घ्यावे लागते, म्हणजे शटर उघडण्याची आणि मिटण्याची अशा दोन आज्ञा जातात. आपले अ‍ॅप मधली वेळ टॅबवर मोजते. स्क्रीन बंद झाली की बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड अ‍ॅपला झोपवते आणि मिटण्याची आज्ञा उशिरा जाते. सोबतच्या फाइलींची माहिती उघडून पाहावी : १३५ मिमी लेन्स, ट्रॅकर (ताऱ्यांच्या चालीबरोबर कॅमेरा फिरवणारे यंत्र), आयएसओ १६००, प्रत्येकी १२० सेकंद असे लावले होते. स्क्रीन चालू असेपर्यंत फ्रेम बरोबर १२० सेकंदांच्या आहेत, बंद झाल्यावर १८७ आणि २४१ सेकंदांच्या. लांबलेल्या फ्रेममध्ये तारे ओघळतात, आणि १२० सेकंदांच्या डार्क फ्रेम (सेन्सरचे दोष वजा करण्यासाठी झाकण लावून घेतलेले फोटो) त्यांना लागू पडत नाहीत, म्हणून त्या लांबलेल्या फ्रेम स्टॅकिंगमधून, म्हणजे अनेक फोटो एकत्र जोडण्याच्या कामातून, काढून टाकाव्या लागतात. त्याच कॅमेऱ्याला वायरचा टायमर रिमोट लावला तर एकही फ्रेम चुकत नाही, त्यामुळे दोष कॅमेऱ्यात नाही. अ‍ॅपसाठी बॅटरी बचत बंद करूनही फरक पडला नाही. स्क्रीन रात्रभर चालू ठेवावी, तर टॅबची बॅटरी मध्यरात्रीनंतर टिकत नाही.

प्रत्येक रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, मोठी फाइल) टॅबवर उतरवणे बंद करता येत नाही, हीसुद्धा उणीव आहेच. फाइल उतरेपर्यंत पुढची फ्रेम अडून राहते.

आमच्या मागण्या अशा : परवाना एकदाच तपासून पुढे इंटरनेटशिवाय अ‍ॅप उघडावे. शटरची वेळ टॅबऐवजी कंट्रोलरच्या फर्मवेअरने (आतल्या सॉफ्टवेअरने) मोजावी, म्हणजे टॅब झोपला तरी फ्रेम बिघडणार नाही. फाइल फक्त कॅमेऱ्याच्या कार्डावर ठेवण्याची सोय द्यावी. हे जमणार नसेल, तर कंट्रोलर परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी.

नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ आमच्याकडून दक्षिणेला जेमतेम २२ अंशांवर येतो, तो टिपायचे महिने एप्रिल-मे. जूनपासून ढग. म्हणून 'पुढच्या अपडेटमध्ये पाहू' हे उत्तर चालणार नाही. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण अपेक्षित आहे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आमच्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल करू.

आपले,
आकाशनिरीक्षण मंडळाचे सदस्य
जि. यवतमाळ

सोबत : बिलाची प्रत, मूळ रॉ फाइली, लॉगिन अडल्याचे स्क्रीनशॉट.