आता तूच त्याला समजाव

प्रिय बंड्या,

दिवाळीपासून एक ओळ लिहिली नाही, शिव्या घालून मोकळा हो. तब्येत ठीक, गुडघा कुरकुरतो. आज लिहितोय ते तुझ्यामुळेच. गढीमागची अमावास्या तू चिरंजीवांना फोनवर सांगितलीस ना? लिंबू, पहार, हंडा, सगळं? साहेबांनी आता साठवलेल्या पैशांतून मेटल डिटेक्टर घेतलाय. "तुम्ही खणलंत, मग मी का नको?"

म्हणून त्याला इथे इंग्लंडात सटन हूला नेलं. डेबेन नदीवरच्या माळावर इथल्या जुन्या अँग्लो-सॅक्सन लोकांची थडगी, वरून नुसती गवताळ टेकाडं. 1939 मध्ये जमीनमालकीण ईडिथ प्रिटी यांनी बेसिल ब्राउन या उत्खनन करणाऱ्याकडून एक उकरवलं, तर आत 27 मीटरचं जहाज! लाकूड केव्हाच कुजलेलं; वाळूत उरला होता ठसा आणि फळ्या जोडणाऱ्या लोखंडी रिव्हेटांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, रांगा. गड्याने रिव्हेट जागचे न हलवता वाळू काढली, म्हणून जहाज दिसलं. तू पहिल्याच घावात फोडलं असतंस. हो, तूच. माझ्या हातात कंदील होता, हे कितीदा सांगू?

चोर तिथेही आधी येऊन गेले होते. पण नांगरटीने टेकाडाची एक बाजू गेलेली, त्यामुळे त्यांचा खड्डा भलतीकडेच पडला. चिरंजीवांनी धडा घेतला तो असा: "म्हणजे मध्य नीट मोजायला हवा." जहाजात सापडलेलं सोनं कायद्याने प्रिटीबाईंचं ठरलं आणि त्यांनी ते ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकलं, हे ऐकून म्हणतो, "का?"

खरी धास्ती त्याच्या दोस्तांची आहे. रात्री चोरून यंत्र फिरवणाऱ्यांना इथे 'नाइटहॉक' म्हणतात. नावावरच कार्टी खूश. संरक्षित टेकाडावर परवानगीशिवाय डिटेक्टर फिरवणं 1979 च्या कायद्याने गुन्हा, काही सापडो न सापडो. आपण पाटलांच्या दोन थोबाडीतांवर सुटलो. आणि तिथल्या काही थडग्यांत तर हाडंही नाहीत रे, माणसाच्या आकाराचा वाळूचा गडद डाग तेवढा. त्यावर यंत्र वाजत नाही, फावडं मात्र चालतं. हे सांगितल्यावर पोरगं जरा गप्प झालं, पण घरी येऊन पुन्हा बॅटरी चार्जिंगला.

तेव्हा रविवारी फोन कर आणि हंड्यातून काय निघालं ते खरं सांग. फुटकी चिलीम. नागिणीची थाप नको.

काकूंचा मोतीबिंदू झाला का? धाकटीच्या स्थळाचं काय ठरलं? विहिरीला पाणी लागल्याचं कळलं, छान.

तुझा,
नाना