शंभर टक्के हजेरी

चि. चिनूस,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून होतो. "बाबा, साधा खोकला आहे, किती वेळा तेच तेच," असं तू म्हणालास. मी तीनदा विचारलं हे खरं आहे. पण तुझ्या खोकल्याच्या पाठोपाठ मला पिल्लूचं कुरकुरणं ऐकू आलं. अगदी फोनजवळून. म्हणजे ती तुझ्या मांडीवर होती.

रागावून लिहीत नाही. खरं तर खोकल्याचा विषयच काढायचा नाही असं ठरवून बसलो होतो. आई म्हणाली, पोराचं जरा कौतुक लिहा. रात्री तीनला उठून तू पिल्लूला खांद्यावर घेऊन फिरवतोस, तिचे कपडे तूच धुतोस, हे मुक्ताने आईला सांगितलं आणि आईने मला दोनदा ऐकवलं. तुझ्या वेळी मी यातलं काही केलं नाही. मला तुझा फार अभिमान वाटतो. समोर बोलायला जमत नाही, म्हणून इथे लिहिलं.

पण त्या जागरणाचीच काळजी वाटते. २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकन अभ्यास मी वाचला होता. १५३ निरोगी माणसांच्या झोपेची दोन आठवडे नोंद ठेवली आणि मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले. जे सात तासांपेक्षा कमी झोपत होते, त्यांना सर्दी होण्याचं प्रमाण आठ तास झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघालं. तान्हं मूल घरात असताना सलग सात तास कुठून मिळणार, हे मलाही कळतं. पण रात्री अकरानंतर तू जो ऑफिसचा लॅपटॉप उघडतोस, तो तरी बंद ठेव. एक रात्र तू, एक रात्र मुक्ता, असं काही ठरवा. तुमच्या घरात लुडबुड करतोय असं वाटलं तर हे वाक्य सोडून पुढे वाच.

तू म्हणालास, ऑफिसला जावंच लागतं, एवढ्याशा खोकल्याला कोणी सुट्टी घेतं का. हे वाक्य माझं आहे, चिनू. तू ते माझ्याकडूनच उचललंस. म्हणून ते परत घ्यायला बसलोय.

पाचवीतलं तुझं ते प्रमाणपत्र अजून बाहेरच्या खोलीत आहे. 'शंभर टक्के हजेरी.' त्या वर्षी हिवाळ्यात एका सकाळी तू उठलास तेच फणफणलेल्या अंगाने. १०२ ताप होता. अंग ठणकत होतं, मान उचलवत नव्हती. आई म्हणाली, आज राहू दे. मी म्हणालो, वर्ष संपत आलंय, एका दिवसासाठी प्रमाणपत्र जाईल. तापाची गोळी दिली, गणवेश मीच चढवला आणि फाटकापाशी सोडताना तुला म्हणालो, याला हिंमत लागते. तू मान डोलावलीस. डोळे लाल होते तुझे. तशी मान तू अजूनही डोलावतोस.

चार दिवसांनी मला ताप आला. मीही गोळी घेऊन कामावर गेलो. संध्याकाळी नेहमीसारखा आजीच्या पलंगाशी बसून तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो, मध्येच खोकत होतो, तळहात तोंडावर धरत होतो आणि त्याच हाताने तिला पाण्याचा पेला देत होतो. पुढच्याच आठवड्यात तिला न्यूमोनिया झाला. अकरा दिवस ती दवाखान्यात होती. फ्लू तिला नेमका कोणाकडून लागला हे सिद्ध करता येणार नाही, पण ती घराबाहेर पडतच नव्हती. त्यानंतर तिला जिना चढवला नाही. गोष्ट सांगतानाही ती मध्येच थांबायची, आणि तुला वाटायचं, आजी मुद्दाम थांबते, पुढे काय होणार म्हणून. तिला दम लागायचा.

हे वाचून तू स्वतःला दोष देशील की काय, अशी भीती आत्ता लिहिताना वाटली. तसं अजिबात मनात आणू नकोस. तू दहा वर्षांचा होतास. तुला घरी ठेवणं माझं काम होतं.

तेव्हा मला सर्दी आणि फ्लू एकच वाटायचे. सर्दी देणारे विषाणू दोनशेहून जास्त प्रकारचे आहेत. ती हळूहळू चढते, नाक वाहतं, घसा खवखवतो आणि बहुतेक वेळा आठवड्याभरात ओसरते. फ्लूचा विषाणू वेगळा. तो अचानक गाठतो. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी तापाने आडवा. आणि त्रास सुरू व्हायच्या साधारण एक दिवस आधीपासूनच तो माणूस दुसऱ्यांना फ्लू देऊ शकतो, पुढचे पाच-सात दिवसही. म्हणून "मला तर बरं वाटतंय" यावर विसंबता येत नाही. ताप आला तर घरी राहा, आणि गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप नसेल तेव्हाच बाहेर पड. घरातही वेगळ्या खोलीत झोप. मास्क लाव.

पिल्लूला मुक्ताने घ्यावं, तू बरा होईपर्यंत. मला माहीत आहे हे तुला किती जड जाईल.

हातांचं सांगतो आणि मग गप्प बसतो. घरात शिरलास की पिल्लूकडे जायच्या आधी साबणाने हात धू. २० सेकंद, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, अंगठे, आणि मग कोरडे कर. तू हात नुसते पाण्याखाली धरतोस, लहानपणापासून. फ्लूच्या विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं, ते साबणाने फुटतं. सर्दीच्या बऱ्याच विषाणूंना असं आवरणच नसतं, ते चोळून आणि वाहत्या पाण्यानेच निघून जातात. म्हणून खिशातल्या सॅनिटायझरवर सगळा भरवसा ठेवू नकोस. बसमध्ये नाइलाज असेल तेव्हा तो ठीक, पण त्यात अल्कोहोल किमान ६० टक्के असायला हवं. आणि मोबाइल पुसत जा. कठीण, गुळगुळीत पृष्ठभागावर फ्लूचा विषाणू २४ ते ४८ तास टिकू शकतो. हात धुऊन लगेच तोच फोन हातात घेतलास, तर धुण्याचा काय उपयोग?

विचार करताना तू ओठ चिमटतोस ना, ते थांबवता आलं तर बघ. माणूस नकळत तासाला कितीतरी वेळा चेहऱ्याला हात लावतो. एका पाहणीत वैद्यकीय विद्यार्थ्यांनी वर्गात बसल्या बसल्या तासाला सरासरी २३ वेळा लावला होता, आणि त्यांना तर हे सगळं शिकवलेलं असतं.

रुमालाचंही. आई रोज इस्त्री केलेला रुमाल खिशात घालायची आणि मी दिवसभर त्याच ओल्या रुमालात शिंकायचो. कागदी टिश्यू घे, वापरलास की टाक. जवळ नसेल तर कोपराच्या आत शिंक, तळहातात नको. खोकला आला की पिल्लूपासून तोंड फिरव, असं लिहिणार होतो. पण खोकला आहे तोवर तिला घेऊच नकोस.

पुन्हा तिथेच आलो. माफ कर.

आजी म्हणायची, डोकं झाक, वारं लागेल. नुसत्या वाऱ्याने सर्दी होत नाही, त्याला विषाणू लागतो. पण तिचं सगळंच चूक नव्हतं. थंड, कोरड्या हवेत फ्लूचा विषाणू जास्त टिकतो, आणि थंडीत आपण दारं-खिडक्या लावून एकाच खोलीत श्वास घेत बसतो. दिवसातून दोनदा तरी खिडक्या सताड उघडा. पिल्लूला गुंडाळा, पण हवा खेळू द्या.

आता लस. मुक्ताने गरोदरपणातच घेतली. तिच्या शरीरात तयार झालेलं संरक्षण पिल्लूला पहिले काही महिने थोडंफार पुरतं, दुधातूनही मिळतं. पिल्लूला स्वतःला फ्लूची लस सहा महिने पूर्ण होईपर्यंत देता येत नाही. म्हणजे तोवर तिच्याभोवतीची माणसं हाच तिचा आडोसा, आणि त्यांच्यात लस न घेतलेला तू एकटाच आहेस. आम्ही दोघांनी गेल्या महिन्यात घेतली. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, हे तुझं म्हणणं बरोबर आहे. पण झालाच तर सहसा सौम्य होतो, दवाखान्यात भरती व्हायची वेळ कमी येते. विषाणू बदलत राहतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते, आणि अंगात भिनायला साधारण दोन आठवडे लागतात. सध्याच्या खोकल्यात घ्यायची की थांबायचं, ते डॉक्टरांना विचार. अँटिबायोटिक मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नकोस. विषाणूवर त्याचा काही उपयोग होत नाही.

आणि थर्मामीटर पाळण्याजवळ ठेवा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त दिसला, तर सकाळची वाट बघू नका, लगेच डॉक्टर. ती दूध घेईना, श्वास भरभर घेऊ लागली, लंगोट नेहमीपेक्षा कमी ओले होऊ लागले, तरी तसंच. मध्यरात्री असलं तरी मला फोन कर. तुझ्या बाबतीत एवढंच, की धाप लागली, छातीत दुखलं, किंवा बरं वाटता वाटता ताप उलटला, तर हिंमत वगैरे दाखवू नकोस. आजीचं असंच झालं होतं. दोन दिवस तिला बरं वाटत होतं.

काल रात्री मी ते प्रमाणपत्र भिंतीवरून उतरवलं. मागे खिळ्याभोवती चौकोनी पांढरा डाग दिसला. आईने विचारलं, का काढलंत? मला सांगता येईना. तुझं नाव किती वळणदार अक्षरात लिहिलंय त्यावर. सकाळी पुन्हा लावलं.

पिल्लूला आमच्याकडून पापा दे. म्हणजे, मुक्ताला द्यायला सांग.

तुझा,
बाबा

ता. क. खोकला नेमका किती दिवस झाला, ते काल तू सांगितलंच नाहीस. ताप मोजलास का?