टाइपरायटर बडवायला

एडिसन (न्यू जर्सी), रविवार दुपार

प्रिय सई,

फोनवर बोलायला गेलं की आपलं भांडण होतं आणि मेसेज केला की तुझा नुसता अंगठा येतो, म्हणून लिहायला बसलेय. मराठीतच लिहितेय. सात वर्षं दर रविवारी तुला मराठी शाळेत नेलं-आणलं, त्या पेट्रोलचं काहीतरी चीज होऊ दे. कुठे अडलीस तर मोठ्याने वाच, कानाला कळेल.

बाबा म्हणाले, तुला कुठल्याशा मालिकेसाठी बोलावलंय. मोटेलच्या काउंटरवरची बाई, चार वाक्यं, तीही 'इंडियन' हेल काढून म्हणायची. घेऊ का, असं तू त्यांना विचारलंस. मला नाही विचारलंस. कशी विचारणार? तू नोकरी सोडल्यापासून अकरा महिने मी तुझ्याशी 'जेवलीस का' आणि 'तिकडे बर्फ आहे का' यापलीकडे बोललेलेच नाहीये. ते माझं मला कळतं. तरी उत्तर मीच देणार आहे, फक्त जरा लांबच्या रस्त्याने.

मी ईस्ट ऑरेंजला बिलिंगच्या ऑफिसात होते ना, त्या गावात एक शाळा आहे, सिसिली टायसन हिच्या नावाची. नाच, गाणं, नाटक शिकवतात. मला वाटायचं, असेल कुणी देणगीदार बाई. आपल्याकडे नाही का वर्गावर कुणाच्या तरी आजोबांच्या नावाची पाटी असते. त्या बॉक्सर टायसनची कोण लागते, असंही मी एकदा बाबांना विचारलं होतं. ते अजून त्यावरून हसतात. मागच्या महिन्यात लायब्ररीत तिचं आत्मचरित्र दिसलं, 'जस्ट ॲज आय ॲम'. नाव ओळखीचं वाटलं म्हणून आणलं. बाई निघाली काळी अमेरिकन नटी. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, एकदा मुदतसुद्धा वाढवून घेतली. पण संपवलं.

तिचे आईवडील कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरून न्यू यॉर्कला आलेले. वडील सुतारकाम, रंगकाम करायचे. आई लोकांच्या घरची कामं करायची, आणि उरलेला सगळा वेळ चर्च. सिसिलीचा जन्म १९२४चा. वाढली तिथल्याच हार्लेम वस्तीत आणि पुढे रेडक्रॉसच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागली. दुसऱ्यांच्या फरश्या पुसणाऱ्या बाईची मुलगी ऑफिसात खुर्चीवर बसते, तेव्हा त्या आईला काय वाटलं असेल हे मला पुस्तकात वाचायची गरज पडली नाही.

आणि एक दिवस ही पोरगी उठून म्हणाली की देवाने मला जन्मभर टाइपरायटर बडवायला पृथ्वीवर पाठवलेलं नाही.

इथे मी पुस्तक मिटलं. खोटं कशाला बोलू, राग आला. मग मी काय केलं इतकी वर्षं? डोंबिवलीला सकाळी सहाच्या बॅचला जाऊन इंग्रजी चाळीसची परीक्षा दिली आणि फोर्टातल्या ऑफिसात अकरा वर्षं रेमिंग्टन बडवला. एका कागदाखाली तीन कार्बन. शेवटची प्रत उमटावी म्हणून बोटं अशी आपटायची की संध्याकाळी लोकलची कडी धरवत नसे. 'ए' हे अक्षर डाव्या करंगळीला येतं आणि करंगळीत जोर नसतो, त्यामुळे चौथ्या प्रतीवर माझा 'ए' कायम फिका. साहेब त्याच्याभोवती लाल पेन्सिलीने गोल करून कागद परत पाठवायचे. मला तरी देवाने त्यासाठी कुठे पाठवलं होतं? पण असं वाक्य मला कधी सुचलं नाही. दोन दिवस पुस्तक फ्रिजवर पडून होतं. मग परत उघडलं.

नटी व्हायचं म्हटल्यावर तिच्या आईने तिला घराबाहेर काढलं आणि बोलणंच टाकलं. तिच्या लेखी नाटक-सिनेमा म्हणजे पापाचं घर. मुलीला प्रत्यक्ष रंगमंचावर पाहिलं, तेव्हा कुठे ती निवळली. मी तुला घराबाहेर काढलं नाही, एवढं माझ्या खात्यावर जमा कर. पापबिप मी मानत नाही. मी घाबरले ती तुझ्या हेल्थ इन्शुरन्सला.

सुरुवातीला ती मॉडेलिंग करायची. नाव झालं ते १९६१ साली, झाँ जने या फ्रेंच लेखकाच्या 'द ब्लॅक्स' नाटकात. मॅनहॅटनमधलं सेंट मार्क्स प्लेहाउस नावाचं छोटं थिएटर, मोठमोठ्या नाट्यगृहांचा ब्रॉडवे नव्हे. बरोबर जेम्स अर्ल जोन्स, माया अँजेलो अशी मंडळी, त्या वेळी कुणी न ओळखणारी. त्याचे १४०८ प्रयोग झाले. आपल्याकडे हजारावा प्रयोग झाला की जाहिरातीत केवढ्या टायपात छापतात!

मग १९६३ साली सीबीएस वाहिनीवर 'ईस्ट साइड/वेस्ट साइड' ही मालिका आली. त्यात तिने केस सरळ केले नाहीत, टोप घातला नाही. आपले आखूड, कुरळे केस तसेच. काळ्या बाईने टीव्हीवर असं दिसणं तेव्हा कुणी पाहिलेलं नव्हतं. मालिका एकच वर्ष चालली, पण केसांची चर्चा राहिली. आणि तिचं काम कसलं होतं माहितीये? सेक्रेटरीचं! टाइपरायटर सोडून पळालेली बाई टीव्हीवर पुन्हा ऑफिसातच जाऊन बसली. मला एकटीला स्वयंपाकघरात इतकं हसू आलं की बाबा बघायला आले.

'साउंडर' मात्र तू बघच. १९७२चा आहे. लुइझियानातलं बटाईने शेती करणारं कुटुंब, मंदीचा काळ, पोरांच्या पोटासाठी मांस चोरलं म्हणून नवरा तुरुंगात. तिला आधी त्यात शाळामास्तरणीचं काम देऊ केलं होतं. तिने रिबेका मागितली, पोरांची आई. शेवटाकडे नवरा सुटून येतो. लांब रस्त्यावर लंगडणारा एक ठिपका. ती बघते. तिची खात्री होत नाही. मग एकदम धावत सुटते, हात पुढे पसरून, पाय कुठे पडतायत याचं भान नाही. सिनेमातल्या बाया धावतात तेव्हा आपण कशा दिसतोय हे त्यांना माहीत असतं; हिला माहीत नाही. मी ते चारदा मागे नेऊन पाहिलं. त्यासाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. त्याच वर्षी डायना रॉसलाही होतं. मुख्य अभिनेत्रीसाठी दोन काळ्या बायका एका वर्षी, असं पूर्वी झालं नव्हतं. मिळालं लायझा मिनेलीला.

या सिनेमाच्या प्रचाराच्या वेळचा एक प्रसंग ती नेहमी सांगायची. एक गोरा पत्रकार तिला म्हणाला, यातला मुलगा बापाला 'डॅडी' म्हणतो ते ऐकून मी अस्वस्थ झालो, कारण माझी मुलंही मला तेच म्हणतात. बघ हं, तो माणूस वाईट नव्हता. मनातलं तोंडावर बोलला बिचारा. पण काळ्या घरातही बाप असतो आणि त्याला पोरं तशीच हाक मारतात, हे त्याला त्या दिवशी कळलं, तेही सिनेमा बघून. तिने तेव्हाच ठरवलं की आपलं काम आता याच कामी लावायचं. ज्यात माणूस दिसत नाही असे रोल घ्यायचे नाहीत.

त्यानंतर आली जेन पिटमन. टीव्हीसाठी केलेला सिनेमा, ३१ जानेवारी १९७४ला दाखवला. गुलामगिरीत जन्मलेली बाई, तरुणपणापासून ११० वर्षांची होईपर्यंत, सगळी हिनेच केली. म्हातारीच्या मेकअपला रोज कित्येक तास लागायचे. वृद्धाश्रमांत जाऊन म्हाताऱ्या बायका कशा बसतात, हात कुठे ठेवतात, ते पाहून आली होती. शेवटी ती म्हातारी काठी टेकत कोर्टाच्या आवारातल्या, फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या नळाकडे जाते आणि पाणी पिते. बस्स, एवढंच. चालण्यात केवढा वेळ जातो, पण कुणी घाई करत नाही. महाडचं तळं आठवल्याशिवाय मराठी माणसाला ते बघता येणार नाही. त्या एका कामाचे तिला दोन एमी मिळाले, टीव्हीतले मोठे पुरस्कार.

पुढे 'रूट्स' या गुलामगिरीवरच्या मालिकेत नायक कुंटा किंटेची आई, मग मार्टिन लूथर किंगची बायको कोरेटा, मग गुलामांना पळवून सोडवणारी हॅरिएट टबमन. जॅझवाला माइल्स डेव्हिस याच्याशी लग्न आणि काडीमोड यावर पुस्तकात बरीच पानं आहेत, ती मी भराभर उलटली. एवढी करारी बाई, आणि तिथे मात्र... जाऊ दे, आपण कोण बोलणारे.

आता मुद्द्यावर येते. या नाही म्हणण्याची तिला किंमत पडली. एक काम झाल्यावर दुसरं कधी येईल याचा नेम नसायचा. १९८३ साली ब्रॉडवेवर 'द कॉर्न इज ग्रीन' केलं आणि मग तिथे पुन्हा पाऊल पडलं ते २०१३ साली. तीस वर्षं! 'द ट्रिप टू बाउंटिफुल'चा जुना सिनेमा पाहिल्यापासून तिने एजंटकडे धोशा लावला होता, मला माझी बाउंटिफुल मिळवून दे, मग मी निवृत्त होते. मिळाली तेव्हा ती ८८ वर्षांची. त्यात ती चर्चमधलं एक जुनं गाणं म्हणायची, तर प्रेक्षकच खुर्चीतून तिच्याबरोबर गायला लागायचे. त्या कामाला टोनी मिळाला, ब्रॉडवेचा सगळ्यात मोठा पुरस्कार. भाषण लांबलं तशी 'आवरा' अशी पाटी दिसली, तर म्हणाली, तुम्ही तरी काय केलंत, तीस वर्षांनी मला कवेत आवरूनच घेतलंत. इंग्रजीतला शब्दखेळ आहे, मराठीत जेमतेम बसला.

आणि निवृत्त कुठली व्हायला! २०१५ साली 'द जिन गेम' केलं. माणसं दोनच, ती आणि जेम्स अर्ल जोन्स. १९६१ला त्या छोट्या थिएटरात बरोबर होते तेच. ती नव्वदीची, तो चौऱ्याऐंशीचा, आठवड्याला किती प्रयोग ते तूच जाण. २०१८ साली मानद ऑस्कर मिळाला. हे पुस्तक बाजारात आलं २६ जानेवारी २०२१ला आणि २८ला ती गेली, ९६ वर्षांची.

एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. २०११च्या 'द हेल्प' सिनेमात तिने कॉन्स्टन्टाइन केली. मोलकरीण. आईने जन्मभर केलं तेच काम. म्हणजे मोलकरणीचा रोल नको असं तिचं नव्हतंच.

म्हणून तुझ्या त्या मोटेलवालीचं सांगते. आपण पहिल्यांदा या देशात उतरलो तेव्हा आठ दिवस हायवेवरच्या एका मोटेलात होतो. तू दीड वर्षाची, रात्री अकराला भुकेने घर डोक्यावर घेतलेलं. काउंटरवरची गुजराती बाई न विचारता आत गेली आणि स्टीलच्या पेल्यात दूध गरम करून घेऊन आली. पेला पदराने धरलेला, कारण तिचं बोट भाजत होतं. मला म्हणाली, साखर टाकली नाही, तुमची घेते का ते ठाऊक नाही. तिचा हेल माझ्या कानात अजून आहे, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. तेव्हा स्क्रिप्ट नीट वाच. त्या बाईला नाव आहे का? तिला काही हवंय का, कुणाची वाट बघतेय का, पाय दुखतायत का? असेल तर खुशाल कर, चारच वाक्यं असली तरी. नुसतं तिच्या बोलण्यावर लोकांनी हसावं म्हणून ठेवलं असेल तर फोन कर आणि नाही म्हण.

आणि नाही म्हणायचं तर भाडं भरलेलं असावं लागतं, हे मला टायसनबाईने शिकवायला नको, मी हिशेब बघणारी बाई आहे. तुझ्या लग्नाचे म्हणून जे बाजूला ठेवलेत, त्यातून वर्षभर दर महिन्याला तुझं अर्धं भाडं मी पाठवणार. बाबांना सांगून झालंय. लग्नाचं तुझं तू बघ. वाद घालू नकोस. वर्षाने पुन्हा बसू तेव्हा घाल. नोकरी सोडलीस ते मला अजून पटलेलं नाही, हेही त्याच कागदावर लिहून ठेव.

मार्चमधल्या तुझ्या ब्रुकलिनच्या नाटकाची दोन तिकिटं काढ. बाबांच्या गुडघ्यामुळे एक कडेची खुर्ची हवी. पहिल्या रांगेत नको, मला जवळचं हल्ली नीट दिसत नाही.

तुझा निळा कोट धुवून आणलाय. पुस्तक मंगळवारी लायब्ररीत परत द्यायचंय, वाचायचं असेल तर सोमवारी संध्याकाळी ये. पिठलं-भात असेल.

तुझी,
आई