पडवीवरचा पत्रा

चि. बाळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बांधकाम खात्यात अभियंता म्हणून रुजू झालास, तेव्हा आईने वाडीभर पेढे वाटले. मी गप्पच होतो, म्हणून हे पत्र. मोबाईलवर बोलून लिहितोय आणि टॉकबॅक मला वाचून दाखवतोय. काना-मात्रा चुकला तर समजून घे.

तुला आठवतात ते बाबा आंधळेच. पण रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने मला एकाएकी नाही गाठलं. आधी रातांधळेपणा आला, मग कडेचं दिसेनासं झालं, शेवटी नळीतून बघावं तेवढंच उरलं. चाळिशीत तेही गेलं. मग आपली पाखाडी मी पायांनी पाठ केली. रस्त्यापर्यंत 43 पायऱ्या. सतराव्या पायरीचा चिरा डगडगतो, तिथून डावीकडे विहिरीचा रहाट ऐकू येतो. फणसाखाली आलो की अंगाला गारवा लागतो.

पावसाचंही तसंच. माडाच्या झापांवर तो वेगळा वाजतो, कौलांवर वेगळा; त्यावरून घर किती लांब ते मला कळतं. गेल्या वर्षी मी भिजू नये म्हणून तू पडवीवर पत्रा घातलास. त्या पत्र्यावर आषाढातला पाऊस असा कोसळतो की बाकीचं सगळं बुडून जातं. कोण आलं, बेड्याची, म्हणजे अंगणाच्या फाटकाची, कडी वाजली का, काही कळत नाही. दोन महिने मी खुर्चीतून फारसा उठलोच नाही. तुला बोललो नाही, ती चूक माझी. पण बाळा, पत्रा घालण्याआधी तूही मला विचारलं नव्हतंस.

बाजारात लोक मायेपोटी माझी काठी धरून ओढतात. त्यांनी काठी धरली की पुढे काय आहे ते मला काहीच कळत नाही. आपली मासळीवाली मात्र आधी विचारते, “काका, हात देव काय?” आणि कोपर पुढे करते. मग मी तिच्या अर्धं पाऊल मागून निर्धास्त चालतो.

मागे एका कार्यालयात नवी पिवळी फरशी बसवली होती. लांब पट्ट्या पायाला लागल्या की चालत राहायचं, गोल उंचवटे लागले की थांबायचं. पट्ट्यांच्या भरवशावर गेलो आणि कपाळ थेट लोखंडी खांबावर आपटलं. फरशीची नोंद मेजरमेंट बुकात झाली असेल, बिलही निघालं असेल. पण आमच्यातल्या एकालाही त्यावरून चालवून पाहिलं नव्हतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 44 नीट वाच. सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता यावं यासाठीच्या, नियमांत न बसणाऱ्या आराखड्याला बांधकाम परवानगी नाही, पूर्णत्वाचा दाखलाही नाही. हे नियम नुसत्या शिफारशी म्हणून ठेवून चालणार नाहीत, सक्तीचे करा, असं नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावलंय. उद्या अशा कागदांवर तुझी सही असेल. ती करण्याआधी माझ्यासारख्या कुणाला तरी जागेवर बोलावून घे. भाडं मी माझं काढीन, पण बोलाव.

गणपतीला येशील तेव्हा पत्रा उतरवून पुन्हा कौलं घालू. वासे मी चाचपून पाहिलेत. विहिरीकडचे दोन वाळवीने पोखरलेत, तेवढे बदलावे लागतील.

तुझे
बाबा