धर्मशिक्षणाचे तास घेणाऱ्या लेकीस

प्रिय बेटा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुला शाळेत धर्मशिक्षणाचे तास मिळाले हे ऐकून तुझी आई लगेच प्रार्थनेला बसली. मला बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय आठवला. पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण शिकवणाऱ्यांचा न्याय अधिक कडक होणार, असं तो बजावतो. गणिताचे सर रागीट असले तरी त्रिकोणाचे कोन १८० अंशच भरतात. पण क्षमेवर शिकवणारी बाई उशिरा आलेल्या पोराला सगळ्यांदेखत घालूनपाडून बोलली, तर तिचा धडा तिथेच खोटा ठरतो.

माझ्या लहानपणी नागपुरातल्या सदरला आमच्या संडे स्कूलच्या एक बाई होत्या. त्यांनी पाठ करून घेतलेली वचनं आता अर्धीमुर्धीच आठवतात. पण एखादं मूल आलं नाही की उपासना संपल्यावर, मे महिन्याच्या उन्हातसुद्धा, डोक्यावर पदर घेऊन त्या त्याच्या घरी जायच्या. रागवायला नाही, विचारपूस करायला. हरवलेल्या एका मेंढरामागे जाणाऱ्या मेंढपाळाचा प्रभूचा दृष्टांत मला त्यांच्यामुळे कळला. तू बायबल रोज वाच, तासाची तयारी कर, आणि वर्गातल्या प्रत्येक मुलाचं नाव घेऊन प्रार्थनाही कर. ज्याच्यासाठी सकाळी देवाजवळ मागितलं, त्याच्यावर दुपारी खेकसणं जड जातं.

तुझ्या शाळेत बौद्ध, हिंदू, मुसलमान घरची मुलंही आहेत. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कोणत्याही मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, असं संविधानाचं कलम २८ सांगतं. दीक्षाभूमीच्या या शहरात तर ते मनापासून पाळायला हवं. नैतिक शिक्षणाच्या तासाला त्यांच्या घरच्या श्रद्धेबद्दल तुझ्या तोंडून एकही हलका शब्द जाऊ देऊ नकोस.

हिस्लॉप कॉलेजात तू शिकलीस. ज्यांच्या नावाने ते कॉलेज आहे ते स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ च्या सुमारास नागपुरात आले. त्यांनी शाळा काढली, इथले जीवाश्म गोळा केले, गोंडांची भाषा आणि चालीरीती लिहून ठेवल्या. १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. शिकवायला आलेला हा माणूस इथे विद्यार्थ्यासारखा राहिला, म्हणून मला त्यांचा फार आदर वाटतो.

आणखी एक. योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय पुन्हा वाच. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा त्यांना धरून देणारा यहूदा अजून उठून गेला नव्हता. त्याचेही पाय धुतले गेले! तुझ्या वर्गातही एखादा असेल, ज्याच्यापुढे सगळ्या शिक्षकांनी हात टेकलेत. पहिल्या आठवड्यात त्याच्याशी बोल. त्याच्या घरी कोण आहे, डब्यात काय आणतो, हे विचार आणि मला सविस्तर लिही. त्याच्यासाठी आम्हीही इथे प्रार्थना करू.

तुझे,
बाबा