स्टेटमेंट आधी आपल्या भाषेत लिहू द्या

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

बेळगावच्या शहापुरात माझं फ्रेमिंगचं दुकान आहे, पंचवीस-एक वर्षं झाली. गावात चित्रांचं प्रदर्शन लागायचं असलं की फ्रेमा तर येतातच, पण चित्रकाराचं स्टेटमेंट, म्हणजे आपल्या कामाबद्दल त्यानं स्वतः लिहिलेला छोटा कागद, तो भिंतीवर लावायला सनबोर्डवर (फोमच्या हलक्या पाटीवर) चिकटवायचं कामही बरेचदा माझ्याकडंच येतं. त्यामुळं चित्राच्या आधी मी तो कागद वाचतो आणि मनापासून सांगतो, वाचून जीव हळहळतो. "माझी कला म्हणजे माणूस आणि निसर्ग यांच्यातील नात्याचा शोध", हे एकच वाक्य गेल्या सीझनला तीन वेगवेगळ्या पोरांच्या कागदावर होतं, इंग्लिशमधून, एकाचा डोंगर, एकाचं पोर्ट्रेट, एकाचं नुसतं रंगाचं काम. चॅटजीपीटीला विचारायचं आणि आलं ते प्रिंट मारायचं, असं चाललंय.

पोरांचा दोष म्हणवत नाही. दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं पोर, प्रदर्शनाचा फॉर्म मात्र इंग्लिश नाहीतर कन्नडमधून, शब्दांची मर्यादा दोनशे, आणि काय लिहायचं हे वर्गात कुणी सांगितलेलं नसतं.

खानापूर भागातली एक मुलगी आली होती. एका संस्थेकडनं तिला नकार आलेला, कारण काय ते कळवलेलं नाही. दुसऱ्या प्रदर्शनासाठी तोच कागद घेऊन आली, त्यात "अस्तित्वाच्या स्तरांचा अमूर्त वेध" वगैरे. आणि चित्र बघाल तर प्लायवर लाल मातीचा थर, बोटानं ओढलेल्या रेघा आणि मधनं गेलेले तडे. मी विचारलं, हे तडे मुद्दाम घातलेस काय गं? तर म्हणाली, "काका, पहिल्यांदा आपोआप गेले, मला रडूच आलं. मग आज्जा म्हणाला, माती पाणी सोडताना अंग चोरते, तू घाई केलीस." आज्जाची कौलांची भट्टी होती, आता बंद आहे. माती ती त्याच्याच परड्यातली आणते, आईच्या जुन्या साडीतनं गाळते, फेविकॉल घालून मळते, आणि थर कुठं जाड कुठं पातळ ठेवून तडा कुठं जाणार ते आता ती ठरवते.

मी हातातला कटर खाली ठेवला, म्हटलं पोरी, हेच लिही की! दुकानातल्या स्टुलावर बसून बिलाच्या मागच्या बाजूला तिनं बारा-तेरा ओळी लिहिल्या, मराठीत. इंग्लिश आणि कन्नड नंतर मैत्रिणींकडनं करून घेतलं. प्रदर्शनात माणसं कागद वाचून परत चित्राकडं जात होती, वाकून तडे बघत होती.

एवढ्या वर्षांत जे कळलं ते सांगतो. शिक्षण, बक्षिसं, आधीची प्रदर्शनं हे सगळं बायोडेटात जाऊ द्या, स्टेटमेंटमध्ये फक्त काम यायला पाहिजे, म्हणजे कशानं केलं, कसं केलं, हेच का घेतलं, आणि हे समोरच्या चित्रांबद्दल पाहिजे, जन्मभर चालणारा एकच कागद नको, काम बदललं की कागदही बदला. "मी" म्हणून लिहा. बघणाऱ्याला काय वाटावं ते आपण सांगू नये. भिंतीवर लावायचं तर शंभर-सव्वाशे शब्द पुरतात, त्यापुढं उभ्यानं कोण वाचत नाही. आणि लिहून झालं की चित्रकलेशी संबंध नसलेल्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा, तो जिथं अडेल ते वाक्य काढा.

डच चित्रकार व्हॅन गॉगनं १८८५ साली बटाटे खाणाऱ्या शेतकऱ्यांच्या चित्राबद्दल भावाला लिहिलं होतं, की ही माणसं ज्या हातांनी ताटातलं घेतायत त्याच हातांनी त्यांनी जमीन खणली आहे, ते मला दाखवायचं होतं. बटाटा पिकवणाऱ्या आपल्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागेल काय? आणि मराठीत जमत नाही असंही नाही. चित्रकार के. बी. कुलकर्णी सरांनी याच गावात चित्रकलेची पोरं घडवली, त्यांतलेच रवी परांजपे, जन्म इथलाच, १९३५ चा, त्यांनी चित्रं काढली तशी चित्रकलेवर मराठीत पुस्तकंही लिहिली.

म्हणून आपल्या पेपरातनं चित्रकला शिकवणाऱ्या सरांना आणि प्रदर्शन भरवणाऱ्यांना विनंती आहे. वर्षातनं दोन तास या लिखाणासाठी काढा, पोरांना चित्रासमोर उभं करून आधी बोलायला लावा आणि बोललेलं तसंच लिहून घ्या. फॉर्मवर "मराठी किंवा कन्नडमध्ये लिहिलं तरी चालेल" एवढी एक ओळ छापा, भाषांतराची सोय तुम्ही करा. मराठी स्टेटमेंट सनबोर्डवर लावायचे पैसे मी घेणार नाही, शहापुरात कुणालाही विचारा, दुकान दाखवतील.

आपला,
एक फ्रेमवाला, शहापूर, बेळगाव