ईसीचा आकडा छापताना एककही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

द्राक्षांची फळछाटणी तोंडावर आली की तासगाव, मिरज, पलूस भागातले बागायतदार माती आणि विहीर-बोअरचे पाणी तपासून घेतात. अहवालात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारी विद्युत वाहकता, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचा ‘ईसी’, असतोच आणि घोळही तिथेच होतो. एकाच विहिरीचा ईसी एका कागदावर ०.८५, दुसऱ्यावर ८५० आणि तिसऱ्यावर ८५ दिसतो. शेतकऱ्याला वाटते, कोणीतरी चुकले. प्रत्यक्षात ०.८५ डेसीसीमेन्स प्रति मीटर, ८५० मायक्रोम्हो प्रति सेंटिमीटर आणि ८५ मिलीसीमेन्स प्रति मीटर हे एकच पाणी आहे. आकड्यापुढे एकक नसते, एवढेच.

वाहकतेच्या एककांत म्हो जुना, सीमेन्स नवा. पण १ म्हो म्हणजे बरोबर १ सीमेन्स. १९७१ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने सीमेन्स हे नाव स्वीकारले, आकडे होते तिथेच राहिले. त्यामुळे सिंचनाच्या पाण्याचे २५०, ७५० आणि २२५० मायक्रोम्हो हे १९५४ च्या अमेरिकी वर्गवारीतले टप्पे असलेला जुना तक्ता भिंतीवर असेल तर तो खुशाल राहू द्या. हजाराने भागले की ०.२५, ०.७५ आणि २.२५ डेसीसीमेन्स. १९४८ पूर्वीच्या पुस्तकांतला ‘आंतरराष्ट्रीय’ म्हो आजच्या सीमेन्सपेक्षा सुमारे ०.०५ टक्क्याने लहान होता, पण नमुन्याचे तापमान एका अंशाने बदलले तरी ईसी जवळजवळ २ टक्के हलतो. तो फरक शेतीच्या कामात सोडून द्यावा. फार जुन्या जर्मन ग्रंथांत मात्र जपून, तिथे सीमेन्स हे रोधाचे एकक आहे: एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर छेदाचा पाऱ्याचा स्तंभ, सुमारे ०.९४ ओहम.

खरी चूक होते ती उपसर्गात आणि लांबीत. संगणकावर फॉन्ट बदलला की मायक्रोच्या चिन्हाच्या जागी इंग्रजी ‘एम’ उमटतो, मायक्रोचा मिली होतो आणि मूल्य हजारपट फुगते. दुसरे, मिलीसीमेन्स प्रति सेंटिमीटर म्हणजेच डेसीसीमेन्स प्रति मीटर. पण ‘सेंटि’ गळून नुसता मीटर राहिला तर शंभरपट फरक. ताळा सोपा आहे: समुद्राचे पाणी सुमारे ५० डेसीसीमेन्स भरते. तुमच्या बोअरचे त्याहून जास्त निघाले तर पाण्यावर नव्हे, एककावर संशय घ्या.

खिशातले टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) मीटर आणखी गोंधळ घालते. ते मोजते वाहकताच, आतल्या आत मायक्रोसीमेन्सच्या आकड्याला ०.५ किंवा ०.७ ने गुणते आणि पीपीएम (दहा लाखांत किती भाग) दाखवते. ६०० पीपीएम म्हणजे ०.५ च्या मीटरवर १.२ डेसीसीमेन्स, ०.७ च्या मीटरवर ०.८६. प्रयोगशाळा बहुधा डेसीसीमेन्सच्या आकड्याला ६४० ने गुणते, त्या हिशेबाने ०.९४. मीटरच्या माहितीपत्रकात गुणक पाहिल्याशिवाय पीपीएमवरून ठिबकमधल्या खताची मात्रा ठरवू नये.

मातीच्या बाबतीत एकक बरोबर असूनही फसगत होते. आपल्याकडे नेहमीची तपासणी १:२.५ प्रमाणात होते, म्हणजे २० ग्रॅम मातीत ५० मिली पाणी. पिकांच्या सहनशीलतेचे तक्ते मात्र संपृक्त अर्काचे, म्हणजे माती पाण्याने जेमतेम भिजवून काढलेल्या पाण्याचे, असतात: द्राक्षाला १.५, उसाला १.७ डेसीसीमेन्सच्या पुढे उत्पादन घटू लागते. ४ च्या वर माती क्षारयुक्त धरतात. १:२.५ मध्ये पाणी जास्त, त्यामुळे क्षार पातळ होतात. भारी काळ्या मातीत त्यातला ०.९ संपृक्त अर्कात तिपटीच्या घरातही जाऊ शकतो. ठरलेला गुणक नाही, मातीचा पोत आणि तिच्यातले जिप्सम यावर तो बदलतो. म्हणून ०.९ हा १.५ पेक्षा कमी आहे, असे समाधान मानता येत नाही. आणि जमीन चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली, आहे का, हे ईसी सांगतच नाही. त्यासाठी सामू (पीएच) आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला, सोडियम पाहावा लागतो.

मीटर तपासायला प्रयोगशाळेच्या दर्जाचे कोरडे पोटॅशियम क्लोराइड ०.७४५६ ग्रॅम घेऊन ऊर्ध्वपातित पाण्यात एक लिटर करावे. २५ अंशांना १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर यायला हवेत. खतातले म्युरेट ऑफ पोटॅश चालत नाही, ते तितके शुद्ध नसते. उन्हाळ्यात तापमान-भरपाई बंद असलेल्या मीटरवर ३५ अंशांचा नमुना सुमारे २० टक्के जास्त दाखवतो.

जिल्ह्यातील सरकारी, कारखान्यांच्या आणि खासगी प्रयोगशाळांनी ईसी फक्त डेसीसीमेन्स प्रति मीटरमध्ये, २५ अंशांना, आणि माती-पाण्याच्या प्रमाणासह छापावा, अशी विनंती आहे. तोवर शेतकऱ्यांनी नमुना देतानाच या तिन्ही गोष्टी पावतीवर लिहून मागाव्यात.

– माती-पाणी परीक्षणाच्या कामातील एक वाचक, मिरज (जि. सांगली)